इवलूला वळायला जागा

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुम्ही पॅसेजमध्ये का हो झोपता?" का झोपता म्हणजे? हौस आहे का मला? अहो, ती बघा ना माझी कॉट, ती तिकडे, काचेच्या पलीकडे, पाण्याच्या पलीकडे, कॉटवर माझी उशी, उशीवर माझा टॉवेल, सगळं जागच्या जागी, नुसतं डुलतंय... पाण्यामुळे डुलतंय हो, भूकंप नाही... पण पोचायचं कसं तिथपर्यंत? मध्ये तो बसलाय! मिशा सोडून, पोट टेकून, डोळे टक्क उघडे ठेवून! का, तर त्याला वळायला जागा हवी होती. बरोबर आहे, जिवंत जीव आहे, वळायला जागा नको का? मी कुठं नाही म्हणतोय? मीच तर दिली! हातानं उचलून दिली! पण तुम्हाला सांगतो... थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल म्हातारा बरळतोय. सावकाश सांगतो. मी आयुष्यात सगळं सावकाशच केलंय. लिफ्टमन होतो ना मी. लिफ्टमनला घाई करून काय मिळणार, लिफ्ट तिच्या वेगानंच जाते. शाळेची पायरी मी कधी चढलो नाही आणि कामावर जिन्याची पायरी कधी चढावी लागली नाही, असं आमचं एकंदर बरं चाललं होतं.

तर तो आला तेव्हा एवढासा होता हो! एवढासा! ही करंगळी बघा माझी, हिचं वरचं पेर सोडा, राहिली तेवढा. मुलानं पिशवीतून आणला, नातीला मासे हवे होते म्हणून. दोन केशरी मासे होते गुबगुबीत, एक चपटा होता चांदीच्या रंगाचा, आणि एक हा. काळी पाठ, पांढरं पोट, शेपटीला लाल रंग, आणि तोंडाला मिशा! एवढ्याशा तोंडाला एवढाल्या मिशा! नात टाळ्या पिटत म्हणाली, "आबा, बघा ना, किती इवलासा आहे!" झालं, त्याचं नाव पडलं इवलू. नाव ठेवताना माणसानं जरा पुढचा विचार करावा, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण करंगळीकडे बघून कुणाला पुढचं सुचतं?

आणि तो दुकानदार! पेटी लावून द्यायला स्वतः आला होता. शर्टाच्या खिशात जाळी, हातात नळी, आणि बोलणं असं गोड की ऐकताना तहान लागावी. मी बापडा सहज विचारलं, "काय हो, हा वाढेल का?" तर हसला. "आजोबा, मासा पेटीएवढाच वाढतो. पेटी लहान, मासा लहान. निसर्ग आहे तो! गॅरंटी!" आता निसर्गाची गॅरंटी हा मनुष्य कुठून देतो, हे विचारायचं सोडून मी मान डोलावली. म्हटलं, असेल बुवा. आमच्या लिफ्टमध्येही पाटी होती, इतकीच माणसं म्हणून, आणि माणसं खरंच तितकी... नाही, तितकी कधीच नसायची. तेव्हाच कळायला हवं होतं!

आठवडाभरानं एक केशरी मासा गायब. आम्ही सगळे खाली वाकून सोफ्याखाली बघतोय! कारण सूनबाई म्हणाली, "मासे उडी मारतात म्हणे." माझा मुलगा, एवढा मोठा साहेब ऑफिसातला, जमिनीवर पालथा पडून टॉर्च मारतोय. फडताळ हलवलं, पायपुसणं झटकलं, नात रडून रडून लाल. मासा नाही. चार दिवसांनी दुसरा केशरी गेला. मग तो चपटा चांदीवाला. पेटीवर झाकण ठेवलं होतं हो एव्हाना, वर जाड पुस्तक ठेवलं होतं! बंद झाकणातून मासा कसा उडी मारेल? आणि इवलू आपला तळाशी बसलेला, मिशा हलवत, गरीब चेहरा करून. सूनबाई म्हणते, "बिचारा एकटा पडला हो!" आणि त्या बिचाऱ्याचं पोट... मी चष्मा पुसून परत घातला... त्या पोटातून चपट्या माशाचा आकार दिसत होता! कोपऱ्यासकट! मी हबकलोच. मी आयुष्यात माणसांना माणसं खाताना बघितलंय, ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळं दिसतं, पण ती असं मिशांवरून साळसूदपणे पाणी फिरवत नाहीत.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणतो कसा, "अहो, शिकारी मासा आहे तो! तोंडात मावेल ते खाणार!" मग आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही विचारलंत का?"

म्हणजे बघा, माणसानं काय काय विचारायचं! मासा आणताना विचारायचं, का हो, हा बाकीच्यांना खाईल का, खुर्च्या खाईल का, मला खाईल का?

आणि मग तो वाढायला लागला... अहो, वाढणं म्हणजे किती! कोळंबी घातली की गट्टम. मी घालायचो ना दुपारी, घरात दुसरं कोण असतं? मुलगा कामावर, सूनबाई शाळेत शिकवायला, नात शिकायला, आणि आम्ही दोघं रिटायर. मी खुर्चीत, तो पेटीत. सकाळी बघितला तर करंगळी, पुढच्या महिन्यात मधलं बोट, मग तळहात, मग मनगटापासून कोपरापर्यंत! माझ्या हातावरच वाढत होता म्हणा ना. पेटीत एक प्लास्टिकचा राजवाडा होता, त्याच्या दारातून तो पूर्वी आत जायचा नि बाहेर यायचा. एक दिवस आत गेला आणि राजवाडा घालूनच बाहेर आला! डोक्यावर मुकुट घातल्यासारखा! नात हसतेय, सूनबाई ओरडतेय, मी काठीनं राजवाडा काढतोय.

दुकानदार आला. पेटीपुढे उभा राहिला, आणि चक्क म्हणाला, "अरे वा, छान झालाय!" छान झालाय? अहो, पेटीएवढाच वाढतो म्हणाला होतात ना? तर काय म्हणतो, "आजोबा, तसं नसतं. पेटी लहान असली की मासा वाढायचा थांबत नाही, वाकडा वाढतो. पाठीत बाक येतो, आजारी पडतो. जिवाला जागा हवी!" आणि निसर्ग? आणि गॅरंटी? गॅरंटी पिशवीची होती वाटतं!

मग दुसरी पेटी आली. तिचं माप कसं घेतलं माहितीये? माशाकडे कुणी बघितलंच नाही. हॉलमध्ये दार आणि विजेची बटणं यांच्यामध्ये जेवढी भिंत आहे ना, ती मुलानं टेप लावून मोजली आणि म्हणाला, "एवढी लांब बसते." टीव्ही गेला बेडरूममध्ये, फडताळ गेलं स्वयंपाकघरात, आणि भिंतीला लागून ही लांबच्या लांब, अरुंद पेटी. आगगाडीच्या डब्यासारखी. मी म्हटलं, झालं एकदाचं, आता सुखानं राहील.

कसलं सुख! तो मेला नाकापासून शेपटीपर्यंत असा सरळ जायचा, टोकाला पोचायचा, आणि... परत फिरायला जागाच नाही! रुंदी कुठंय? मग तो काय करायचा, सांगू? अरुंद गल्लीत शिरलेली बस जशी मागं मागं येते ना, तसा उलटा यायचा. मासा! उलटा! अगदीच वाटलं तर अंगाचं वेटोळं करून, नाक एका काचेला, शेपटी दुसऱ्या काचेला, असा घसटत घसटत वळायचा. नाकाचं कातडं निघालं हो त्याच्या. मला बघवेना.

परत दुकानदार. परत तोच गोडवा. "अहो साहेब, या माशाला लांबी बघायची नसते, रुंदी बघायची! जेवढा मासा लांब, त्याहून पेटी रुंद. वळायला जागा नको का?"

आता हेच वाक्य या माणसानं पहिल्या दिवशी, करंगळी पिशवीत होती तेव्हा बोललं असतं, तर मी आज कॉटवर नसतो का? पण नाही. तेव्हा निसर्ग होता.

मुलानं विचारलं, "बरं, हा एकंदर होणार तरी केवढा?" तर दुकानदारानं दोन्ही हात फाकवले. फाकवले, फाकवले, मग हातांकडे बघितलं, आणि त्याला ते काही पटेना. म्हणाला, "साहेब, जरा हे टोक धरा." हवेतलं टोक हो! माझ्या मुलानं धरलं! आणि हा दुसरं टोक घेऊन चालत चालत दाराकडे निघाला... मी बघतोय, हा अजून चालतोच आहे... पायपुसण्याजवळ थांबला आणि म्हणाला, "हे एवढा. चांगलं खायला घातलं तर थोडा जास्त." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातातली कोळंबीची वाटी हळूच मागं लपवली.

तुम्ही म्हणाल, देऊन टाकायचा कुणाला तरी. अहो, विचारलं की! दुकानदारालाच म्हटलं, घ्या तुमचा तुम्हाला परत. तो दोन पावलं मागं सरला. "मी? एवढा मोठा? ठेवू कुठं?" मत्स्यालयाला फोन केला, ते म्हणाले आमच्याकडे असे इतके आलेत की आम्हीच लोकांना विचारतोय. म्हणजे घरोघरी करंगळ्या विकल्या होत्या या बाबानं! आणि नदीत सोडायचा नाही. ते मात्र नातीनं ठणकावून सांगितलं, "आबा, तो तिथले सगळे मासे खाऊन टाकेल!" खरंच खाल्ले असते हो. नदी काठासकट खाल्ली असती. ओसरी दिली की पाय पसरायचे, हे माणसाचं ऐकलं होतं. माशाला पाय नसतात म्हणून मी गाफील राहिलो.

तर ठरलं, मोठी पेटी करायची. पेटी कसली, खोलीच ती! मुलाचा एक मित्र आहे इंजिनियर, त्याला बोलावलं, कारण खालच्या मजल्यावर वकील राहतात आणि त्यांच्या कानावर गेलं होतं. ते जिन्यात मला म्हणाले, "काका, पाणी फार जड असतं बरं का. माझा पलंग नेमका खाली आहे." अतिशय सभ्य माणूस, पण हे म्हणताना त्यांनी हातातली छत्री घट्ट धरली होती. इंजिनियरनं घरभर भिंतींवर टकटक केली, डॉक्टर पाठीवर करतात तशी. हॉलमध्ये मान हलवली, नाही. बेडरूममध्ये, नाही. मग तो माझ्या खोलीत आला.

माझी खोली... हे जरा ऐका. लहानपणी आम्ही एका खोलीत नऊ माणसं. लग्नानंतर अर्धी खोली, मध्ये पडदा. कामावर लिफ्ट, चार बाय चारचा डबा, त्यात एक स्टूल, स्टुलावर मी, तोंड बटणांकडे. माणसं आत यायची आणि म्हणायची, "जरा सरका." कुठं सरकू? आयुष्यभर मी माणसांच्या पाठी, पिशव्या आणि बटणं बघितली. मागं वळून बघायची सोयच नव्हती. आणि म्हातारपणी मुलानं हा फ्लॅट घेतला तेव्हा मला म्हणाला, "बाबा, ही खिडकीची खोली तुमची." आख्खी! दार लावलं तर माझ्यापुरतं लागणारी! पहिल्या दिवशी मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. खरं सांगतो. कशालाही धक्का लागला नाही. आमची ही असती तर हसली असती.

त्या खोलीच्या कोपऱ्यात इंजिनियरनं टकटक केली आणि म्हणाला, "हां! इथं! याच्या बरोबर खाली खांब आहे. पेटी बसली तर इथंच."

मुलगा छताकडे बघतोय. इंजिनियर भिंतीकडे बघतोय. नात माझ्याकडे बघतेय. आणि सूनबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्रास होईल असं काही करायचं नाही हं आपल्याला."

मी ओळखलं. माझी सूनबाई सोन्यासारखी आहे, उगाच नाही म्हणत, पण ती हे वाक्य जेव्हा जेव्हा बोलते ना, तेव्हा तेव्हा मला त्रास झालेला आहे. दाताच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हाही हेच म्हणाली होती.

मी म्हटलं, विचार करतो. मनात मात्र ठरवून टाकलं होतं, नाही म्हणायचं! सरळ नाही! मासा काय, आज आहे उद्या नाही, माझी खिडकी मी का सोडू? दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये खुर्चीत बसून मी मनातल्या मनात नाहीची उजळणी करत होतो. नाही बेटा. नाही सूनबाई. आणि समोर तो वळायला लागला. नाक काचेला दाबलं, अंग वाकवलं, शेपटी तिकडे दाबली, आणि अडकला. अर्धा वळलेला. ना धड इकडे, ना धड तिकडे. आणि त्याचा डोळा बरोबर माझ्यासमोर. तो काही म्हणत नव्हता हो, मासा काय म्हणणार? पण मला मेलं ऐकू आलं, "जरा सरका."

संध्याकाळी मुलगा बूट काढत होता, मी म्हटलं, "घे बाबा माझी खोली." तो एक बूट हातात घेऊन तसाच बसला. "बाबा, अहो..." मी म्हटलं, "बाबा नाही नि बिबा नाही. वळायला जागा नको का?"

आता यापुढचं ऐका, आणि यात माझी चूक आहे, मी नाकारत नाही. पेटी तयारच आली दुकानातून, टेम्पोतून, चार हमाल बरोबर. ही प्रचंड काचेची पेटी! मुलगा म्हणाला, "लिफ्टमध्ये जाईल का?" आणि मी... काय सांगू... माझ्या अंगात आला लिफ्टमन! मी छाती काढून पुढं झालो. "न जायला काय झालं? तिरकी धरली की सगळं जातं! मी कपाटं नेलीत, पलंग नेलेत, एकदा नवरदेव नेलाय खुर्चीसकट!" आणि मी हातवारे करून सूचना द्यायला लागलो, असं घ्या, तसं धरा, माझं ऐका... पेटी दारातून हातभरही आत गेली नाही. हमालांतला मोठा माझ्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, तिरकं काय, आता विरघळवून नेऊ का?"

मग जिना. पहिला जिना चढले, हाश्शहुश्श. आणि जिथं जिना वळतो ना, तिथं पेटी पण वळायला हवी! पेटी अडकली! एक टोक कठड्यात, एक टोक भिंतीत, आणि एक हमाल मागच्या कोपऱ्यात, पेटी आणि भिंत यांच्यामध्ये! काचेतून दिसतोय बिचारा, नाक काचेला लागलेलं, हात वर. खालून वकील भाजीची पिशवी घेऊन आलेले, वरून एक बाई कुत्रा घेऊन उतरलेली, कुत्रा त्या काचेतल्या हमालाला बघून भुंकतोय, मुलगा ओरडतोय, "वळवा, वळवा!", आणि कोपऱ्यातला हमाल आतून केकाटतोय, "अहो साहेब, वळायला जागा नको का?"

मी हबकून मटकन पायरीवर बसलो. हेच ते! अगदी हेच! माशाची पेटी, तीच वळेना!

कशीबशी ती मागं घेतली, हमाल सोडवला, वकिलांच्या पिशवीतले टोमॅटो पायदळी गेले ते वेगळेच. पेटी टेम्पोतून परत. दुकानदार म्हणाला, काळजी नको, काचवाला घरी येऊन जागेवरच जोडेल, सुट्या काचा आणेल. हे बरं होतं. अतिशय बरं होतं. पण यात जी गंमत झाली ना, ती जगात फक्त आमच्याच घरात होऊ शकते, मी लिहून देतो... म्हणजे अंगठा देतो.

काय झालं, खोली रिकामी करायची होती. कपाट काढलं, माझी ट्रंक काढली, खुर्ची काढली. कॉटची वेळ आली तेव्हा मुलानं हात घातला, तर सूनबाई हळू आवाजात त्याला म्हणते, मला ऐकू आलं, दाराआड होतो, "अहो, बाबांची कॉट आत्ताच नको. त्यांना वाईट वाटेल. सगळ्यात शेवटी हलवू." आणि मुलगा म्हणाला, "बरोबर." मला भरून आलं हो. मी डोळे पुसत गच्चीवर गेलो. म्हटलं, अशी माणसं मिळायला भाग्य लागतं.

काचवाला आला. अबोल माणूस, कानावर पेन्सिल. त्यानंही विचारलं म्हणे, "ही कॉट?" तर मुलगा म्हणाला, "राहू दे, ती शेवटी." त्यानं खांदे उडवले. काचा लावल्या, सांधे भरले, सुकायला ठेवलं. आम्ही दारातून बघून जायचो, आत जायचं नाही असं त्यानं बजावलं होतं. सांधे सुकले, पाणी भरलं. पाणी भरतच राहिलं, दिवसभर नळी चालू, खालून वकील छताकडे बघत बसलेले. मग इवलूला ओल्या चादरीत गुंडाळून, मुलानं डोकं, मी शेपटी, अशी वरात काढली आणि सोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नात तर नाचली! आणि सूनबाई समाधानानं म्हणाली, "चला, आता बाबांची कॉट काढू."

सगळे खोलीच्या दाराशी गेलो.

पेटी इकडे भिंतीला टेकलेली. तिकडे भिंतीपासून वीतभर लांब. आणि कॉट... कॉट पलीकडे! खिडकीखाली! मुलानं त्या वीतभर फटीत एक पाय घातला, पोट आत घेतलं, आणि तिथंच थांबला, अर्धा इकडे अर्धा तिकडे. मी ओळखीच्या नजरेनं बघत होतो. नात म्हणाली, "बाबा, तुम्ही इवलूसारखे अडकलात!" काचवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी विचारलं होतं." बस, एवढंच. पेटी फोडायची? पाणी काढायचं? इवलूला कुठं ठेवायचं, बादलीत? कॉट कापून काढायची? सूनबाई रडायला लागली, "माझ्यामुळं झालं हो बाबा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." मलाच तिची समजूत काढावी लागली. म्हटलं, "अगं वेडे, कॉट कुठं गेलीये? दिसतेय ना!"

तेव्हापासून मी पॅसेजमध्ये. गादी चांगली आहे, नवीन आणली मुलानं, उजवीकडे बुटांचं स्टँड, डावीकडे बाथरूमचं दार. उताणा झोपलो तर काही म्हणजे काही अडचण नाही. कूस बदलली की तेवढं नाक दाराला लागतं. मग मी काय करतो, आधी मागं सरकतो, मग पाय दुमडतो, मग हळूहळू घसटत... जाऊ द्या, तो कसा वळायचा ते ऐकलंय तुम्ही.

आणि तो! तो काय करतो, विचारा ना! एवढी जागा, एवढं पाणी, माझी आख्खी खोली, माझी खिडकी, माझं ऊन... आणि हा पहिल्या दिवसापासून जो कोपऱ्यात जाऊन बसलाय, भिंतीकडे तोंड करून, तो हलतच नाही! वळत नाही! एकदा! एकदा तरी वळ की मेल्या! मी रोज खुर्ची टाकून बसतो, कोळंबी दाखवतो. तोंड उघडतो, गिळतो, मिटतो. जागेवरून ढिम्म नाही. नातीनं विचारलं, "आबा, आता जागा आहे तर इवलू वळत का नाही?" मी काय सांगणार? मलाही दार लावणारी खोली मिळाली होती, ती गिरकी सोडली तर रात्रभर मी तरी कुठं वळायचो? स्टुलावरच्या सवयीनं एका काठाला, भिंतीकडे तोंड करून झोपायचो. म्हटलं, "बाळा, जागा आहे एवढं माहीत असलं म्हणजे पुरतं. वळलंच पाहिजे असं थोडंच असतं?"

हे मी म्हटलं आणि मला जरा बरंही वाटलं. म्हटलं, चला, निभतंय. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दुकानदार! शर्टाच्या खिशात जाळी, ओठांवर मध. इवलूकडे बघून चुक् चुक् केलं. "साहेब, हा उदास झालाय. एवढ्या मोठ्या पेटीत एकटा! याला सोबत हवी." आणि पाठीमागून हात पुढं केला. हातात पिशवी. पिशवीत पाणी. पाण्यात... ही करंगळी बघा माझी, हिचं वरचं पेर सोडा...

"हा वेगळा आहे हां, आजोबा! हा एवढाच राहतो. गॅरंटी!"

मी मुलाकडे बघितलं. मुलगा छताकडे बघायला लागला. नात पिशवीला नाक लावून म्हणाली, "आबा, किती इवलासा!" आणि सूनबाईनं पदराशी चाळा करत, तिच्या त्या गोड आवाजात सुरुवात केली, "बाबा, तुम्हाला त्रास होईल असं काही..."

मी म्हटलं, "थांब सूनबाई. या खेपेला आधी गादी हलवू."